गंडमाळ, झाडपाला आणि स्पर्श

माझ्या आजीच्या मानेवर, उजव्या कानाच्या खाली, तीन व्रण होते. कातडी आत ओढली गेलेली, सुरकुतलेली, एखाद्या फाटक्या गोधडीला घाईने टाका घालावा तशी. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून त्या व्रणांवरून बोट फिरवीत असे. ती म्हणायची, "गंडमाळीची निशाणी हाय ती, लेकरा." आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या खोऱ्यात, आज जिथे डिंभे धरणाचे पाणी उभे आहे त्याच्या वरच्या अंगाला, तिचे माहेर. ती नऊ-दहा वर्षांची असताना तिच्या गळ्याला गाठी आल्या. म्हणजे साधारण १९४५ च्या आसपासची गोष्ट. बापाने तिला खांद्यावर घेऊन बाजारच्या गावी वैद्याकडे नेले. वैद्य ओट्यावर, ही दोघे अंगणाच्या कडेला. वैद्याने लांबूनच विचारले, लांबूनच पाहिले आणि पुडी वरून खाली टाकली. बापाने ती पदरात झेलावी तशी धोतराच्या सोग्यात झेलली.

पुडीने काही झाले नाही. मग ठाकरवाडीतल्या एका म्हातारीने कसली तरी साल उगाळून लेप घातला, पाल्याचा शेक दिला. गाठी पिकल्या, फुटल्या, वर्षभर वाहत राहिल्या आणि शेवटी सुकल्या. आजी वाचली. तिच्या पाठची बहीण मात्र त्याच दुखण्याने, पुढे खोकला लागून गेली.

मी इतिहासाचा प्राध्यापक. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. राजांच्या लढाया आणि तहांच्या तारखा मी वर्गात शिकवतो. पण आजीच्या मानेवरच्या त्या तीन व्रणांचा इतिहास कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. तो लिहावा असे बरेच दिवस मनात होते. या लेखात तो प्रयत्न आहे. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगायची आहे, कारण ती लपवली तर हा इतिहास खोटा ठरेल.

१

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करू. गाठ हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. मान, काख आणि जांघ या ठिकाणी शरीराच्या लसीका ग्रंथी असतात. शरीरात जंतू शिरले की त्यांना तिथे अडवले जाते आणि त्या झटापटीत ग्रंथी सुजतात. पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत गाठ येते, घसा सुजला की जबड्याखाली येते. कारण वेगळे, गाठ तीच.

आपल्या माणसांना हा फरक पुस्तकावाचून ठाऊक होता, हे भाषेवरूनच दिसते. पायाच्या जखमेमुळे जांघेत आलेल्या गाठीला आपण 'अवधाण' म्हणतो. बाहेरख्यालीपणाच्या रोगाने आलेली ती 'बद'. मुलांचे गाल फुगतात ते 'गालगुंड'. त्यात लसीका नव्हे तर लाळेच्या ग्रंथी सुजतात. गळ्यासमोर थैली लोंबते ते 'गलगंड'. तो अवटू ग्रंथीचा विकार आणि बहुतेक वेळा आयोडीनच्या कमतरतेचा. आणि मानेला एकामागून एक, माळेसारख्या, न दुखणाऱ्या गाठी येतात ती 'गंडमाळ'. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, आणि गंडमाळ हा बहुतांशी मानेच्या ग्रंथींचा क्षयच आहे हे त्यानंतर ठाम झाले. पण 'न दुखणारी गाठ वाईट' हे आमच्या वाड्यातल्या बायका त्याच्याही आधीपासून सांगत आल्या असाव्यात.

औषधेही त्यांच्याकडे वेगवेगळी होती. आजीकडून आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून मी जी ऐकली ती अशी : अवधाणाला निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेक. गालगुंडाला आंबेहळद उगाळून कोमट लेप. पिकू घातलेल्या गाठीला जवसाचे पोटीस. गंडमाळेला कांचनाची साल किंवा ओढ्याकाठच्या वायवर्ण्याची साल, लेपाला आणि काढ्यालाही. भात निघाल्यावर खाचरात उगवणारी गोरखमुंडी वाटून पोटात. आणि काहीच चालले नाही तर बिब्ब्याचा चटका, नाहीतर तापल्या विळ्याचा डाग.

हे ज्ञान कुणाचे? कांचन आणि वायवर्णा ही दोन्ही झाडे वैद्यकाच्या संस्कृत ग्रंथांत गंडमाळेवर सांगितली आहेत. शार्ङ्गधराच्या ग्रंथातला कांचनार गुग्गुळ आजही दुकानात मिळतो. मग ठाकरवाडीतल्या म्हातारीने शार्ङ्गधर वाचला होता काय? की शार्ङ्गधराच्या आधीच्या कुणी वैद्याने रानातल्या माणसाला विचारून झाड ओळखले होते? चरक आणि सुश्रुत दोघांनीही औषधी ओळखण्यासाठी गुराखी आणि वनात राहणाऱ्यांकडे जावे असे सांगून ठेवले आहे. म्हणजे ग्रंथच कबुली देतात. झाड रानातल्या माणसाने दाखवले. श्लोक झाला तेव्हा त्याचे नाव गळाले.

२

आता स्पर्शाकडे येऊ. गाठ डोळ्यांनी कळत नाही, ती बोटांनी कळते. मऊ आहे की टणक, हलते की खाली चिकटलेली आहे, दाबल्यावर दुखते की नाही, आत पू झुळझुळतो की नाही, हे सगळे हाताचे काम. सुश्रुतानेही रोग्याची परीक्षा पाचही इंद्रियांनी आणि प्रश्न विचारून करावी असे सांगितले आहे. त्यात स्पर्श आलाच.

परंतु ज्या समाजात स्पर्श हेच पाप ठरले, तिथे वैद्यकाचे काय होणार? मनुस्मृतीने वैद्यालाच अपवित्र ठरवले. चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासमान मानले आहे. श्राद्धाच्या पंक्तीत वैद्य नको असे तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. रक्त, पू, मळ यांना हात लावणारा माणूस धर्मशास्त्राला चालत नव्हता. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा विस्ताराने मांडला : शरीराकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या विद्येचे आणि वर्णव्यवस्थेचे पटणे शक्य नव्हते. पुढे वैद्याने आपली प्रतिष्ठा राखली ती हात आखडून घेऊन. आजीच्या बापाच्या सोग्यात वरून पडलेली ती पुडी या इतिहासाचे टोक आहे.

आपल्याच भूमीत दुसरीही एक परंपरा होती. महावग्गात कथा आहे : अतिसाराने स्वतःच्या मळात पडलेल्या एका भिक्खूला तथागताने आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हाताने धुतले आणि रोग्याची सेवा ही आपलीच सेवा आहे असे भिक्खूंना सांगितले. त्याच ग्रंथाच्या औषधांच्या प्रकरणात हळद, आले, निंबाचा पाला, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा यांची यादी आहे. गळवाला चीर देण्याची, तिळाचा कल्क लावण्याची, पट्टी बांधण्याची परवानगी आहे. अर्थात संघालाही मर्यादा होत्या. मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय आणि अपस्मार या पाच रोगांची साथ पसरली तेव्हा केवळ जीवकाकडून उपचार मिळावा म्हणून लोक प्रव्रज्या घेऊ लागले. शेवटी अशा रोग्यांना प्रव्रज्या देणे बंद करावे लागले. उपचार मिळावा म्हणून माणसे चीवर घेतात, यावरून त्या काळीही वैद्य कुणाच्या आवाक्यात होता आणि कुणाच्या नव्हता ते समजते.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत जी लेणी आहेत ती याच परंपरेची. तिथल्या एका ब्राह्मी लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाने एका श्रेणीकडे जमिनीचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे. कशासाठी? करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी. करंजाचे तेल आपल्याकडे आजही खरजेवर आणि जखमेवर लावतात. ती झाडे औषधासाठी लावली की सावलीसाठी, हे लेख सांगत नाही. परंतु झाड लावणे हे दान आहे ही समज दगडावर कोरलेली आहे. त्याच डोंगरांच्या मागे महादेव कोळी आणि ठाकर आजही हिरडा गोळा करतात. महावग्गातल्या यादीतले हे फळ अजून त्यांच्या घरची चूल पेटवते आहे.

आणि युरोप? तिथे गंडमाळेला 'राजाचा रोग' म्हणत आणि राजाने स्पर्श केला की तो बरा होतो असे मानत. इंग्लंड आणि फ्रान्सचे राजे शेकडो वर्षे रोग्यांच्या गळ्याला हात लावीत आले. १७१२ साली राणी ॲनने सॅम्युअल जॉन्सन नावाच्या अडीच वर्षांच्या मुलाला असा स्पर्श केला. तो पुढे इंग्रजीचा कोशकार म्हणून जगप्रसिद्ध झाला. पण रोग काही गेला नाही. व्रण त्याच्या चेहऱ्यावर जन्मभर राहिले. राजाच्या हातात औषध नव्हतेच. तरीही एक फरक डोळ्यांत भरतो. तिथे सर्वांत वरचा माणूस सर्वांत घाणेरड्या समजल्या गेलेल्या गाठीला हात लावीत होता, आणि इथे बाजारगावचा वैद्य ओट्यावरून खाली उतरत नव्हता.

ही केवळ माझ्या आजीची हकिकत नव्हे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आले आणि बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत त्याची नोंद घेतली. बाळंत झालेली बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. रोग्याला वस्तीबाहेर आणा म्हणाला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. छाती सुजलेली, पण छातीला हात नाही. बाई गेली. हा डॉक्टर पाश्चात्त्य विद्या शिकलेला होता. म्हणजे नवी विद्या आली तरी हात जुनाच राहिला.

३

हात बदलल्याचे उदाहरण आपल्याला फार लांब शोधावे लागत नाही. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक ज्वराची, म्हणजे प्लेगची साथ आली आणि लवकरच पुण्यात पोचली. जांघेत, काखेत गाठ आणि तीव्र ताप. चार-सहा दिवसांत माणूस संपे. जंतू येर्सिनने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला होता. हाफकिनने लस करून १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. उपचार मात्र कुणाकडेच नव्हता. पोटीस, लेप, डाग, चीर यांपैकी कशानेही प्लेगची गाठ हटत नव्हती. पुण्यात रँडच्या अमलाखाली सोल्जर घरात शिरून काखा आणि जांघा तपासू लागले. तो जुलूम होताच. त्याचा इतिहास आपल्याला शाळेत शिकवला जातो : २२ जून १८९७, चापेकर, रँडचा खून.

त्याच साथीचे दुसरे पान मात्र बराच काळ दुमडून ठेवलेले होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उभा केला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेगची गाठ आली, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वीस वर्षांपूर्वी, १८७७ च्या दुष्काळात, याच बाईंनी जुन्नरच्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहून तिथली उपासमार आणि सत्यशोधकांचे काम कळवले होते. आमच्या तालुक्यांशी त्यांचे नाते असे जुने आहे.

सावित्रीबाईंच्या हातातही औषध नव्हते. पण गाठ आलेल्या महाराच्या पोराला हात लावायला हवा, एवढे त्यांना पक्के माहीत होते. नंतर औषध आले तेव्हा ते अशाच हातांतून पोचणार होते.

४

आता पुराव्याचा प्रश्न. वर सांगितलेल्या झाडपाल्यात तथ्य किती? इथे भावनेला बाजूला ठेवावे लागेल.

जी गाठ विषाणूमुळे किंवा किरकोळ जखमेमुळे येते ती बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप बसते. गालगुंड आठ-दहा दिवसांत ओसरतो. काटा निघाला, जखम भरली की अवधाण जाते. या काळात निर्गुडी लावा, आंबेहळद लावा, किंवा काहीच लावू नका, गाठ जाणारच. मग श्रेय मिळते लेपाला. हा फसवेपणा नव्हे. डोळ्यांना जे दिसले त्यावरून काढलेला तो निष्कर्ष आहे. फक्त 'लेप लावला नसता तर काय झाले असते' हे डोळ्यांना दिसत नाही. ते पाहायचे तर दोन सारखे गट करावे लागतात : एकाला औषध, दुसऱ्याला नाही. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची अशी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली व १९४८ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली होती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले आणि न मिळालेल्या ५२ पैकी १४. पुरावा म्हणतात तो याला.

या कसोटीवर आपली झाडे कुठे उभी आहेत? निर्गुडीच्या पाल्याच्या अर्काने प्रयोगशाळेत उंदरांच्या पायाची सूज उतरलेली आहे. शेकाने दुखणे हलके होते हे खरेच. हळदीतल्या द्रव्यावर पुष्कळ काम झाले आहे. कांचनाच्या सालीवर प्राण्यांवरचे आणि पेशींवरचे प्रयोग आहेत. पण क्षयाच्या गाठी या झाडांनी बऱ्या होतात असे माणसांवरच्या, नीट तुलना केलेल्या परीक्षेने सिद्ध झालेले नाही. बिब्ब्याचा तर अपायच आहे. त्याच्या तेलाने कातडीला फोड येतात, जखमा होतात. क्षयाच्या गाठीला पोटिसाने पिकवून फोडले तर ती महिनोन्‌महिने वाहत राहते. आजीच्या मानेवर जे झाले ते हेच. त्यात आणखी एक पेच आहे : क्षयाची गाठही कधी कधी काही दिवस लहान होते आणि पुन्हा वाढते. त्या मधल्या दिवसांत माणूस म्हणतो, 'गुण येतोय.'

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या जबड्याखाली गाठ आली. तेरा-चौदा वर्षांची पोर. बहिणीने मला विचारले. मी त्या वेळी आजीची औषधे वहीत उतरवीत होतो. आपल्या लोकांचे ज्ञान म्हणून त्याचा मला मोठा अभिमान चढला होता. मी सांगितले, निर्गुडीचा शेक दे, कांचनाचा लेप लाव. अडीच महिने गेले. एकदा गाठ लहान झाली तेव्हा मी वर्गात त्याचा दाखलाही दिला. शेवटी गावच्या आशाताई घरी आल्या. त्यांनी पोरीला जवळ बसवले, दोन्ही हातांची बोटे तिच्या मानेवरून फिरवली, एकाऐवजी तीन गाठी मोजल्या, वजन विचारले, संध्याकाळच्या तापाचे विचारले. मला म्हणाल्या, "सर, ही सुईची तपासणी करून घ्या. उशीर झालाय." सरकारी दवाखान्यात गाठीत सुई घालून पेशी काढल्या. क्षय निघाला. सहा महिने गोळ्या झाल्या आणि पोर बरी झाली. मानेवर व्रण नाही.

अडीच महिने त्या पोरीला जे मिळाले नाही ते बोटांचे ज्ञान होते. पूर्वी वैद्याने ते विटाळापायी नाकारले. या खेपेला मी अभिमानापायी नाकारले. परिणाम पोरीच्या दृष्टीने सारखाच.

५

कार्यकर्त्या मित्रांपुढे यातून दोन सापळे मांडायचे आहेत. पहिला तुच्छतेचा : बायाबापड्यांचा पाला म्हणजे अडाणीपणा. ज्यांना ओट्यावर प्रवेश नव्हता त्यांनी रानात औषध शोधले, हा अडाणीपणा नव्हे. दुसरा सापळा गौरवाचा : जे आमचे ते खरेच असणार. हा दुसरा अधिक गोड आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. कारण लेपावर थांबणारा माणूस बहुतेक वेळा गरीबच असतो. झाडपाल्याचे गोडवे गाणारा शहरातला माणूस स्वतःच्या मुलाच्या गळ्याला गाठ आली की त्याच दिवशी तपासणीला जातो.

पुराव्याची मागणी ही आपली मागणी असली पाहिजे. मद्रासच्या क्षय केंद्रात १९५६ पासून गरीब वस्त्यांतल्या रोग्यांवर अभ्यास झाला आणि १९५९ साली निष्पन्न झाले की झोपडीत राहून, साध्या अन्नावर गोळ्या घेणारा रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. त्या एका निष्कर्षाने क्षयाचा उपचार पैसेवाल्यांच्या हवेशीर बंगल्यांतून निघून वस्तीत आला. त्याच केंद्राने लहान मुलांच्या गाठींच्या क्षयावर सहा महिन्यांचा उपचार तपासून पाहिला आणि १९९० साली तो गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. आज या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि रोग्याच्या आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये देण्याचे धोरण आहे. ते वेळेवर मिळतात की नाही हे आपण विचारले पाहिजे.

आणि झाडांचे काय? त्यांचीही अशीच परीक्षा झाली पाहिजे. चीनमध्ये तू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या गे होंगच्या टिपणावरून सुगावा घेऊन १९७२ च्या सुमारास हिवतापावरचे औषध वेगळे काढले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. तपासले नसते तर ते टिपण टिपणच राहिले असते.

पण तपासताना नाव कुणाचे लागणार? हळदीवर अमेरिकेत १९९५ साली घेतलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते छापील पुरावे दाखवल्यामुळे. २००१ पासून उभ्या राहिलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या सरकारी भांडारातही मुख्यतः जुन्या ग्रंथांतलेच उतरवले गेले. ज्यांना ग्रंथ लिहायची बंदी होती त्यांचे ज्ञान तिथे येणार कसे? सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवर डचांनी बारा खंडांचा ग्रंथ छापला, तेव्हा पहिल्या खंडात अस्पृश्य मानल्या गेलेल्या एळवा जातीतल्या इट्टी अच्युदन या वैद्याचे निवेदन त्याच्या नावानिशी छापले होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी परक्याला जे सुचले ते आपल्याला सुचू नये? २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव नोंदवह्या करायला जागा दिली आहे, २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केला आहे. जुन्नर-आंबेगावच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी या वह्या हाती घ्याव्यात. झाड, साल, मात्रा, कशावर दिले, गुण आला की नाही, आणि सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने लिहावे. गुण आला नाही हेही लिहावे.

आणि वहीच्या पहिल्या पानावर एवढे तरी असावे : दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलेली, न दुखणारी, वाढत जाणारी गाठ असेल, सोबत ताप किंवा वजनात घट असेल, तर लेप थांबवून दवाखाना गाठावा.

आजी जाण्याआधी मी तिला एकदा विचारले होते, त्या वैद्याचा तुला राग येतो का? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "राग कशाचा, बाळा. औषध त्याला ठावं आसंल बी. पर हात लावल्याबिगर गाठ कळती व्हय?"